मातेच्या दुधांतील उणीव

आईच्या दुधासारखें दुसरें अन्न नाहीं, हें वचन आपल्याकडे इतकें रूढ आहे कीं, त्याविषयीं शंका घेणें म्हणजे देव्हाऱ्यांतील मूर्तीची परीक्षा घेण्यासारखें वाटतें. वचन खोटें नाहीं. तथापि त्याच घरांत, त्याच वडीलधाऱ्या तोंडून, आणखी एक वाक्य आपण ऐकतों : "पोराला अंगावरचें दूध बाधलें." एक वाक्य दुधाला अमृत ठरवितें, दुसरें त्याच दुधावर मुलाच्या दुखण्याचें खापर फोडतें. दोन्ही वाक्यांमागें पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. या दोहोंचा मेळ वैद्यकानें गेल्या सव्वाशे वर्षांत कसा घातला, आणि ती हकीकत जालन्यासारख्या जिल्ह्याला कशी लागू पडते, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

जालन्याविषयीं लोक म्हणतात, "जालना, सोन्याचा पाळणा." तेथील पेठेच्या भरभराटीवरून ही म्हण पडली. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. दक्षिणेस गोदावरी, पोटांत दुधना आणि पूर्णा, काळी जमीन, तींत ज्वारी, बाजरी, तूर, कापूस आणि अलीकडे नांवाजलेली मोसंबी, असें या भागाचें रूप आहे. श्रीसमर्थांचें जन्मगांव जांब याच जिल्ह्यांतलें. पाळण्याची उपमा लोकांनीं व्यापारासाठीं योजली असली, तरी आम्हांस येथें खऱ्या पाळण्याविषयींच बोलावयाचें आहे. त्यांतील बाळाच्या मुखांत जें दूध पडतें त्यांत काय असतें, आणि काय नसतें?

आमच्या प्राचीन वैद्यांना हा प्रश्न सुचला नव्हता असें कोणी समजूं नये. नेपाळांत सांपडलेल्या पोथीवरून काश्यपसंहिता १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाली. तींत फक्क नांवाच्या बालरोगाचें प्रकरण आहे. वर्षाचें होऊनही जें मूल आपल्या पायांनीं चालत नाहीं तें फक्क. या रोगाचे तीन प्रकार ग्रंथकार सांगतो : दुधापासून होणारा क्षीरज, गर्भापासून होणारा गर्भज, आणि इतर व्याधींमुळें होणारा व्याधिज. पहिल्यांत पाजणारीचें दूधच सदोष असतें. दुसऱ्यांत मूल अंगावर पीत असतांनाच आई पुन्हां गरोदर राहते व तिचें दूध आटतें. उपचारांत औषधी तुपें, दूध, मांसरस यांबरोबर मुलाला चालावयास शिकविण्यासाठीं तीन चाकांचा गाडाही सांगितला आहे. आपल्या घरोघरचा पांगुळगाडा त्याच जातीचा.

मूल बसत-चालत नसेल तर त्याच्या दुधाकडे, आणि दुधासाठीं त्याच्या आईकडे पाहावें, ही या ग्रंथकाराची दृष्टि अचूक होती. मात्र दूध दूषित झालें म्हणजे त्यांत कांहीं दोष शिरला, अशी ती कल्पना होती. दुधांत कांहींतरी नसल्यामुळें रोग होऊं शकतो, हें ओळखण्यास एकोणिसावें शतक संपावें लागलें. उणिवेचा रोग ही कल्पनाच मनुष्याच्या बुद्धीला अवघड आहे. विष पकडतां येतें, जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवितां येतो. नसलेली वस्तु दाखवावी कशी?

ती दाखविण्याचा मान पूर्वेकडील भातखाऊ देशांकडे जातो. जपानांत बेरीबेरीला काके म्हणत. १८९८ सालीं हिरोता या जपानी वैद्यानें प्रसिद्ध केलें कीं, काके झालेल्या आयांच्या अंगावर पिणारीं मुलें एका विशिष्ट तऱ्हेनें आजारी पडतात, आणि तें दूध तोडलें कीं सुधारतात. यावरून निघणारा निष्कर्ष उघड दिसत होता : आईच्या दुधांत विष आहे. परंतु त्याच सुमारास डच अमलाखालील जावांत आयक्मन यानें कोंबड्यांवर प्रयोग केले होते. सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडत, आणि कोंडा घातला कीं सांवरत. त्याच्या मागून काम करणाऱ्या ग्रिन्स यानें १९०१ सालीं सांगितलें कीं, कोंड्यांत शरीरास अवश्य असें कांहीं द्रव्य आहे, व तें न मिळाल्यानेंच हा रोग होतो.

या दोन धाग्यांची गांठ फिलिपाईन्समधील मनिला येथें पडली. तेथें दोन-तीन महिन्यांचीं अंगावर पिणारीं मुलें एकाएकीं निळीं पडत, त्यांचा आवाज बसे, हृदय थकून जाई, आणि कांहीं तासांत पाळणा रिकामा होई. १९१२ सालीं चेंबरलेन व व्हेडर या अमेरिकन लष्करी वैद्यांनीं अशा मुलांना तांदळाच्या कोंड्याचा अर्क पाजला. मुलें बरीं झालीं. आणि तीं आपल्या आईचें दूध पीत असतांनाच बरीं झालीं. त्याच दुधांत विष असतें तर असें होतेंना. उणें होतें तें अर्कानें भरून निघालें, एवढाच त्याचा अर्थ. या अर्काला तेथें तिकी-तिकी म्हणत. त्यांतील मूळ द्रव्य हुडकण्याचें काम रॉबर्ट विल्यम्स या तरुण रसायनशास्त्रज्ञानें मनिलांत हातीं घेतलें. हा आपल्याच देशांत, नेल्लोर येथें, १८८६ सालीं एका मिशनरी कुटुंबांत जन्मलेला. सुमारें पाव शतक खपून १९३६ सालीं त्यानें तें द्रव्य, म्हणजे जीवनसत्त्व ब१, प्रयोगशाळेंत कृतीनें तयार केलें. मनिलांतील त्या वर्षींच, १९१२ त, फुंक यानें अशा द्रव्यांना व्हिटॅमिन हें नांव दिलें होतें. आपण त्यांना जीवनसत्त्वें म्हणतों.

हिंदुस्थानांत या शोधाची शाखा नीलगिरींतील कूनूर येथें फुटली. १९१८ सालीं मॅक्‌कॅरिसन यानें तेथें बेरीबेरीच्या चौकशीसाठीं एका खोलीएवढ्या जागेंत काम आरंभिलें. तीच संस्था वाढत वाढत १९५८ सालीं हैदराबादेस गेली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊं लागली. बेरीबेरीचा जोर आंध्रच्या किनाऱ्यावर होता. जालन्याच्या वाट्याला तो आला नाहीं, याचें श्रेय भाकरीला द्यावें लागेल. ज्वारी सबंध दळली जाते. तिचा कोंडा व अंकुर पिठांतच राहतो, आणि त्याबरोबर ब१ ही राहतें. जिला गरिबाचें अन्न म्हणून नाक मुरडलें जातें, त्या भाकरीनें कित्येक पिढ्यांच्या तान्ह्या मुलांचें हृदय सांभाळलें आहे. भाकरी सोडून पांढऱ्या भाताकडे वळणाऱ्या घरांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं हा रोग इतिहासजमा झालेला नाहीं. काश्मीरांत अलीकडे, आणि कर्नाटकांत २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, केवळ अंगावर पिणाऱ्या मुलांना याच उणिवेनें गांठल्याचें आढळलें. दोन्हीकडे आया पांढऱ्या भातावर होत्या, आणि बाळंतपणाच्या पथ्यानें त्यांचें ताट आणखी आकुंचित केलें होतें.

येथें एक नियम सांगणें अवश्य आहे. सर्व पोषक द्रव्यें दुधांत सारख्याच रीतीनें उतरत नाहींत. चुना घ्या. आईच्या जेवणांत तो कमी असला तरी दुधांत तो येतोच, कारण ती तो आपल्या हाडांतून देते. फॉलिक आम्लाचेंही बहुतांशीं तसेंच. आईचा सांठा संपत आला तरी दुधांतील प्रमाण टिकून राहतें. येथें बाळ तरतें आणि किंमत आई मोजते. परंतु ब१, ब२, ब६, ब१२, अ आणि ड या जीवनसत्त्वांच्या बाबतींत दूध हें आईचा आरसा आहे. तिच्या शरीरांत नसेल तें दुधांत नाहीं. विशेष हें कीं, अशी आई पुष्कळदां चालती-बोलती, कामाला तत्पर आणि वरवर निरोगी असते. उणीव प्रथम दिसते ती बाळांत. म्हणूनच ती इतकीं वर्षें कोणाच्या लक्षांत आली नाहीं, आणि म्हणूनच दोष आईच्या अन्नाला न देतां तिच्या दुधाला, नशिबाला किंवा पायगुणाला दिला गेला.

ड जीवनसत्त्वाची हकीकत तर आमच्या महाराष्ट्राच्या दारांतलीच आहे. त्याच्या अभावानें होणाऱ्या रोगाला आपण मुडदूस म्हणतों. युरोपांत १९१९ सालीं बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यानें कृत्रिम किरणांनीं मुडदुसाचीं मुलें बरीं केलीं, आणि त्या पुढील दोन-तीन वर्षांत हॅरिएट चिक या विदुषीनें व्हिएन्ना येथें सूर्यप्रकाश व कॉडलिव्हर तेल हे दोन्ही उपाय सारखेच गुणकारी असल्याचें दाखविलें. त्याच काळांत, १९२१-२२ सालीं, हचिसन या वैद्यानें पटेल व शहा या सहकाऱ्यांसह मुंबई शहरांत व इलाख्यांत पाहणी केली. उन्हानें भाजून निघणाऱ्या देशांत मुडदूस असावा कसा, हें कोडें होतें. उत्तर असें निघालें कीं, निकृष्ट अन्नावर राहून उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत मुडदूस जवळजवळ नव्हता. तो होता पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांत. तेथें स्त्रिया आणि त्यांचीं तान्हीं मुलें अंधाऱ्या खोल्यांतून दिवस काढीत. अशा मुलांना औषधाशिवाय, आहार न बदलतां, नुसतें उघड्यावर उन्हांत ठेवल्यानें गुण आला.

या निष्कर्षाचा रोंख आपल्या बाळंतखोलीकडे आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. वाऱ्याची झुळूकही शिरूं नये म्हणून दारें-खिडक्या लावलेली खोली, बाजेखालीं शेगडी, सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाऊल नाहीं. ही व्यवस्था थंडी-वाऱ्यापासून व कामाच्या जुलमापासून बाळंतिणीला जपण्यासाठीं झाली. तिच्यामागील माया आम्ही नाकारीत नाहीं. डिंकाचे व अळिवाचे लाडू, तूप, खसखस यांनीं तिला बळही दिलें. पण ऊन बाहेरच राहिलें. आईच्या एका लिटर दुधांत ड जीवनसत्त्वाचीं साधारण २५ ते ५० एककें असतात, आणि बाळाची गरज रोजची ४०० एककें धरली जाते. तेव्हां ही उणीव केवळ आईच्या जेवणानें भरून निघण्यासारखी नाहीं. पूर्वीं ती उन्हानें भरून निघे. ऊन दुरावलेल्या काळांत भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलें वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब सांगते, तें यासाठींच.

मुंबईनें या शास्त्राला आणखी एक देणगी दिली. १९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्लिश स्त्रीवैद्य मुंबईस आली. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या भयंकर पंडुरोगाचा शोध घेण्यासाठीं डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या प्रेरणेनें तिनें हाफकीन संस्थेंत काम सुरू केलें. गिरणीकामगारांच्या बायका दर बाळंतपणाला खंगत आणि मरत, तें जंतूंमुळें नव्हे तर अन्नांतील उणिवेमुळें, हें तिनें दाखविलें, आणि १९३१ सालीं यीस्टच्या अर्कानें हा पंडुरोग हटतो असें जाहीर केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढें ओळखलें गेलेलें फॉलिक आम्ल. मुंबईच्या चाळींतील गरोदर स्त्रियांच्या रक्तापासून निघालेलें हें ज्ञान आज साऱ्या जगांत गर्भवतींच्या उपयोगीं पडत आहे.

परंतु आमच्या मतें जालन्यासारख्या जिल्ह्याला आज सर्वांत अधिक लागू पडणारी हकीकत ब१२ ची आहे. हें जीवनसत्त्व १९४८ सालीं इंग्लंड व अमेरिका येथें स्वतंत्रपणें शुद्ध स्वरूपांत मिळविण्यांत आलें. तें मांस, मासे, अंडीं, दूध, दहीं यांतच मिळतें; धान्य, डाळ, भाजी, फळ यांत नाहीं. ज्वारीनें ब१ दिलें, मोसंबी क देते. ब१२ दोहोंतही नाहीं. १९५७ सालीं दीक्षित यांनीं हिंदुस्थानांतील तान्ह्या मुलांच्या एका चमत्कारिक दुखण्याचें वर्णन केलें. सहा महिन्यांपर्यंत बरें वाढलेलें, दिसावयास गुबगुबीत मूल हळूहळू हसेनासें होतें. बसूं लागलेलें पुन्हां लवंडतें. केंस विरळ व तांबूस होतात, बोटांच्या पेरांवर काळसर छटा येते, आणि शेवटीं हात, डोकें, जीभ कांपूं लागते. १९६२ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील जाधव, वेब, वैष्णव व बेकर यांनीं अशा सहा मुलांची हकीकत लॅन्सेटमध्यें छापली. सहाही अंगावर पिणारीं होतीं. त्यांच्या आया शाकाहारी होत्या. आईच्या दुधांत आणि मुलाच्या रक्तांत ब१२ कमी होतें. ब१२ देतांच थोड्याच दिवसांत मुलें भोंवतालीं पाहूं लागलीं, हसूं लागलीं.

हें वाचून हायसें वाटेल. पण घाई करूं नये. उपचार लांबला तर मेंदूच्या वाढीचे ते महिने परत मिळत नाहींत. आणि ज्या मुलांना कंप सुटत नाहीं, जीं नुसतीं मंद, निरुत्साही, "शांत स्वभावाचीं" म्हणून कौतुकिलीं जातात, त्यांच्याकडे कोण पाहतो? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यांत शेंकडा ६० हून अधिक स्त्रियांत ब१२ कमी आढळलें. फॉलिक आम्लाची उणीव मात्र जवळजवळ नव्हती. १९७० पासून आपल्या देशांत गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वांटल्या जातात. त्या वांटणें योग्यच आहे. परंतु त्यांत ब१२ नसतें. आणि जिच्यांत फॉलिक आम्ल भरपूर व ब१२ तुटपुंजें, अशा आईच्या मुलांच्या प्रकृतींत पुढें मधुमेहाकडे झुकणारीं लक्षणें अधिक दिसतात, असें याच अभ्यासानें २००८ सालीं दाखविलें. बंगलोर येथें गर्भवतींना व बाळंतिणींना रोज ब१२ दिलें असतां त्यांच्या दुधांतील ब१२ वाढतें, हेंही २०१४ सालीं सिद्ध झालें. वाट दिसत आहे. तिच्यावर चालावयाचें राहिलें आहे.

ही उणीव एका जातीची वा एका वर्गाची नाहीं. पेठेंतील शाकाहारी घरांत धर्मानें मांस-अंडें वर्ज्य असतें, पण दूध-दहीं असतें. तें सुनेच्या वाटीपर्यंत पोंचतें कीं नाहीं, हा तेथला प्रश्न. खेड्यांत मांस वर्ज्य नसतें, पण परवडत नाहीं. आणि गोठ्यांत म्हैस असली तरी दूध डेअरीच्या केंद्रावर जातें. दुष्काळानें हें सारें अधिक कठीण केलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमीच्या खडी फोडणाऱ्या आयांना मायलो आणि सुकडी यांवर दिवस काढावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना पुन्हां होरपळला. जनावरें छावण्यांत गेलीं, तीं दुधासकट. दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत तान्हीं मुलें असतात. आई पहांटे फडांत उतरते. मूल बांधावर, सावलीला. त्याला ऊन मिळतें, पण आईच्या वाट्याला भाकरी-मिरचीपलीकडे काय येतें?

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७० पासून अ जीवनसत्त्वाचे डोस सुरू झाले. आतां नवव्या महिन्यांत एक लक्ष एककांचा पहिला डोस दिला जातो. जन्मतांच के जीवनसत्त्वाची सुई द्यावी, कारण तें आईच्या दुधांत फारच थोडें असतें व त्यावांचून बाळाला रक्तस्राव होऊं शकतो, असें मार्गदर्शन केंद्र सरकारनें २०१४ सालीं काढलें. २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादेंतून सुरू झालें. अशा प्रकारचें हें देशांतील पहिलेंच. दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचें प्रमाण महाराष्ट्रांत २००५-०६ सालीं शेंकडा ३९ होतें, तें २०१२ च्या पाहणींत शेंकडा २३ वर आलें. हें यश लहान नव्हे. पण उंची मोजण्याची पट्टी जीवनसत्त्व मोजीत नाहीं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणांत १ ते ४ वर्षांच्या शेंकडा १४ मुलांत, आणि १० ते १९ वर्षांच्या शेंकडा ३१ मुलामुलींत ब१२ उणें निघालें. या ३१ तील मुली उद्यांच्या आया आहेत.

या इतिहासाचा एक दुरुपयोग होण्याचा संभव आहे, त्याविषयीं लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. दुधांत उणीव असते, तर अंगावर पाजणें सोडून डबा कां आणूं नये, असें कोणी म्हणेल. हाच युक्तिवाद डबेवाल्या कंपन्यांनीं विसाव्या शतकांत जगभर पसरविला. जेथें पाणी अशुद्ध व पैसा अपुरा, तेथें बाटलीनें किती मुलें दगावलीं हें पाहून जागतिक आरोग्य परिषदेनें मे १९८१ मध्यें, म्हणजे जालना जिल्हा जन्मला त्याच महिन्यांत, अशा जाहिरातींना आळा घालणारी संहिता मंजूर केली. आपल्या देशांत १९९२ सालीं तसा कायदाही झाला. मनिलाच्या वैद्यांनीं दूध न तोडतां मूल वांचविलें, हा धडा येथें कायम ध्यानांत धरावा. पहिले सहा महिने आईचें दूध, नंतर वेळेवर उष्टावण व त्याबरोबर वरचें अन्न, आणि पुढेंही अंगावर पाजणें चालू, या क्रमाला दुसरा पर्याय नाहीं. उष्टावण नांवापुरतें करून वर्षभर मुलाला नुसतें अंगावर ठेवणें, ही मात्र ब१२ च्या उणिवेला दिलेली मुदतवाढ होय.

तेव्हां "आईच्या दुधासारखें अन्न नाहीं" आणि "पोराला दूध बाधलें" या दोन वाक्यांचा मेळ असा बसतो : दूध बाधत नाहीं, आईची उपासमार बाळाला बाधते, मग ती उपासमार दारिद्र्याची असो, पथ्याची असो, वा सर्वांचें झाल्यावर उरलेलें खाण्याच्या रीतीची असो. आमच्या घरांत बाळाच्या गुटीसाठीं सहाणेवर चौदा वस्तु उगाळल्या जातात, आणि त्याच वेळीं सुनेच्या पानांत दहीं वाढलें आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. गर्भारपणापासून दूध तुटेपर्यंत तिला रोज दूध-दहीं, ज्यांना चालतें त्यांना अंडें वा मासा, बाळंतपणांत डाळ-भाजी, सकाळचें कोंवळें ऊन, आणि वैद्यानें सांगितल्यास ब१२ ची गोळी, एवढ्याला फार मोठा खर्च येत नाहीं. त्यासाठीं घरांतील वडील माणसांनीं आपल्या आधीं तिचें पान वाढण्याची तयारी मात्र दाखविली पाहिजे.